तिथी, भरती आणि रोहित

शिवडीला ओहोटी लागली की पाण्याखालचा चिखल उघडा पडतो आणि मागे सरणाऱ्या पाण्याच्या कडेने रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे थवे पुढे सरकत जातात. मान वाकवून, चोच उलटी धरून ते गढूळ पाणी गाळतात. लहान रोहित या जातीचे मुख्य अन्न म्हणजे त्यातले सूक्ष्म नीलहरित शैवाल. हिवाळ्यात येऊन पावसाळ्याच्या तोंडावर परतणाऱ्या या पाहुण्यांसाठी चिखलावरची ही पंगत ओहोटीच्या काही तासांपुरतीच मांडलेली असते.

भरती-ओहोटीची वेळ कोळ्यांना घड्याळावाचून सांगता येते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने निघते: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी जितके दूर ओसरते तितकेच वर चढते. अष्टमीच्या भांगाच्या भरतीला त्याची धाव आखूड असते. पक्षिगणना करणाऱ्यालाही हे गणित यावे लागते, कारण ओहोटीत खाडीभर पांगलेले पक्षी भरतीला विश्रांतीच्या मोजक्या जागांवर दाटीने उभे राहतात आणि तेव्हाच ते नीट मोजता येतात. 1987 पासून दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना स्वयंसेवकांच्याच बळावर चालते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनी 2022 मध्ये ठाणे खाडीतल्या सहा रोहितांना जीपीएस यंत्रे बसवली, त्यामुळे थेट गुजरातपर्यंतचा प्रवासही नोंदला गेला. तरीही एखाद्या तळ्यावर आज किती पक्षी उतरले, हे काठावर उभ्या असलेल्या माणसालाच सांगता येते.

समुद्राची जागतिक सरासरी पातळी 1901 ते 2018 या काळात सुमारे 20 सेंटिमीटरने वाढली आणि तो वेग वाढतो आहे. मोकळ्या किनाऱ्यावर पाणी चढले तर चिखलाचा पट्टा सावकाश जमिनीकडे सरकू शकतो. मुंबईत मात्र त्याच्या पाठीशी भिंती, रस्ते आणि भराव उभे आहेत. मग चिखल उघडा राहण्याचे तास कमी होतील आणि भरतीत थांबण्याच्या जागाही बुडू लागतील.

ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यान खाडीचा सुमारे 17 चौरस किलोमीटर भाग 2015 मध्ये अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये तो रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आला. सीमा आखताना खाडीचा विचार झाला, भरतीचा तितकासा झाला नाही, असे म्हणावे लागते. कारण पाणी चढल्यावर रोहित ज्या नेरूळच्या तळ्यांवर जातात, ती त्या सीमेबाहेर आहेत. तिथल्या एका तळ्यात भरतीचे पाणी येण्याची वाट बुजली, तेव्हा आवाज उठवला तो आसपासच्या रहिवाशांनी. अशा रहिवाशांच्या आणि कोळीवाड्यांतल्या होडीवाल्यांच्या हाती नोंदवही देऊन, तेच तळे, तीच तिथी आणि तीच भरती धरून दर महिन्याला मोजणी केली, तर पक्षी खरोखर घटले की नुसते दुसऱ्या तळ्यावर गेले, हे काही वर्षांत कळू शकेल. जानेवारीतल्या एकाच मोजणीला तो फरक सांगता येत नाही.