ससून डॉकवर निखळलेला खांदा

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईच्या कुलाबा भागातील ससून डॉकवर पहाटेच्या लिलावाच्या वेळी जो कोणी उभा राहिला असेल, त्याला तिथला दगडी धक्का निरखून पाहायला उसंत मिळाली असेल असे मला वाटत नाही. मासळीच्या टोपल्या आणि बर्फाच्या हातगाड्या चुकवत ओल्या जमिनीवर पाय सांभाळणे हेच तिथे मोठे काम असते. १८९६ सालच्या ऑक्टोबरात याच धक्क्यावर एकवीस वर्षांचा एक इंग्रज लेफ्टनंट उतरला, किंवा खरे सांगायचे तर उतरता उतरता लोंबकळला. घोडदळाच्या फोर्थ हुसार्स या पलटणीला घेऊन आलेली आगबोट बंदरात नांगरलेली होती आणि हा तरुण सोबत्यांबरोबर लहान होडीतून किनाऱ्याकडे निघाला होता. धक्क्याच्या उभ्या भिंतीला पाणी ठिबकणाऱ्या पायऱ्या होत्या, धरण्यासाठी लोखंडी कड्या होत्या, आणि लाटांबरोबर होडी चार-पाच फूट वरखाली होत होती. त्याने हात लांबवून कडी पकडली. पण पाय पायरीवर टेकण्याच्या आतच होडी खालून बाजूला सरकली आणि उजव्या खांद्याला जोराचा हिसका बसला. त्याने दोन शिव्या हासडल्या, खांदा चोळला आणि तो विषय तिथेच सोडून दिला.

त्या लेफ्टनंटचे नाव विन्स्टन चर्चिल. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटनचे पंतप्रधान म्हणून त्यांचे जे चित्र जगाच्या डोळ्यांपुढे आहे, त्यात सिगार आहे, दोन बोटांची विजयाची खूण आहे, कपाळावर आलेली हॅट आहे; मुंबईत दुखावलेला हा खांदा मात्र त्यात कुठे दिसत नाही. वास्तविक ती दुखापत त्यांना जन्मभर पुरली. टेनिस कायमचे सुटले. पोलो सुटला नाही, पण दंड पट्ट्याने अंगाशी आवळून बांधल्याशिवाय त्यांना मैदानात उतरता येईना. झोपेत हात उशीखाली गेला, वरच्या फळीवरचे पुस्तक काढायला हात उंचावला, जिन्यात पाय घसरला, की खांदा जागा सोडी. १८९९ च्या फेब्रुवारीत मेरठच्या पोलो स्पर्धेच्या ऐन तोंडावर जोधपूरला ते जिन्यावरून पडले आणि खांदा पुन्हा निखळला; तरीही बांधलेल्या हाताने ते खेळले आणि अंतिम सामना त्यांच्या पलटणीने चार विरुद्ध तीन गोलांनी जिंकला. आत्मचरित्रात त्यांनी आणखी एक गंमत नोंदवली आहे. एकदा पार्लमेंटात बोलताना आवेशाने केलेल्या हातवाऱ्यामुळे खांदा निखळता निखळता राहिला, आणि आपले भाषण ऐकणाऱ्या सभासदांपुढे आपण एकाएकी जमिनीवर लोळण घेतली असती तर त्यांची काय अवस्था झाली असती, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

याच खांद्याने एकदा त्यांचा जीव वाचवला, असेही त्यांचे मत होते. २ सप्टेंबर १८९८ रोजी सुदानमध्ये ओमदुरमनच्या लढाईत एकविसाव्या लान्सर्स पलटणीने घोड्यांवरून चाल केली, तेव्हा इतर अधिकाऱ्यांच्या हातांत तलवारी होत्या. चर्चिल यांना तलवार चालवणे धोक्याचे वाटत होते, म्हणून त्यांच्या हातात माउझर पिस्तूल होते. समोरासमोरच्या त्या धुमश्चक्रीत पिस्तूल होते म्हणूनच आपण निभावलो, आणि दुर्दैव म्हणून ज्याला नावे ठेवली तेच कदाचित आपले दैव ठरले, असे त्यांनी लिहिले.

मुंबईहून पलटण पुण्याला आली. तिथे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्याकडे गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये, म्हणजे आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे तिथे, चर्चिल जेवायला गेले होते. गव्हर्नरसाहेबांनी मोठ्या सौजन्याने काही विषयांवर त्यांचे मत विचारले, आणि एवढा थोर पाहुणचार झाल्यावर त्रोटक उत्तर देणे बरे दिसणार नाही, म्हणून आपण सविस्तर बोललो, असे चर्चिल मिश्कीलपणे सांगतात. एकवीस वर्षांच्या दुय्यम अधिकाऱ्याने मुंबई इलाख्याच्या गव्हर्नराला राज्यकारभार समजावून सांगावा, यात त्यांचा सगळा पुढचा स्वभाव दिसतो. पण आपल्याला त्या मेजवानीची दुसरीही बाजू ठाऊक आहे. त्या वेळी मुंबईत प्लेगने डोके वर काढले होते. काही महिन्यांत तो पुण्यात शिरला, आणि २२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून याच गव्हर्नमेंट हाऊसमधून परतणाऱ्या रँडवर दामोदर चाफेकर यांनी गोळी झाडली. चर्चिल त्या सुमारास रजेवर युरोपात होते.

त्यांच्या लिखाणात पुण्याचा प्लेग नाही. पुण्याच्या एका घोडदळाचे सगळेच्या सगळे पोलोचे घोडे कसे विकत घेतले, याचे वर्णन मात्र रंगून आले आहे. पुढे बंगळूरला त्यांनी गुलाब लावले, फुलपाखरे जमवली, ती उंदराने खाल्ली, आणि भर दुपारी बंगल्यात पडून आईने पाठवलेले गिबन आणि मेकॉले यांचे जाडजूड इतिहासग्रंथ वाचले. विद्यापीठाचे तोंड न पाहिलेल्या या माणसाचे खरे शिक्षण बंगळूरच्या छावणीत झाले, असे म्हणायला हरकत नाही. तिथल्या क्लबच्या जुन्या वहीत, वसूल न झालेल्या येण्यांच्या यादीत, लेफ्टनंट चर्चिल यांच्या नावापुढे तेरा रुपये अजूनही दिसतात.

त्यांना हिंदुस्थान भेटला तो असा: मेसमधून, पोलोच्या मैदानातून आणि वायव्य सरहद्दीवरच्या चकमकींतून. तो त्यांनी पुढे कधी वेगळ्या डोळ्यांनी पाहिला, असे दिसत नाही. २८ नोव्हेंबर १९०६ रोजी वसाहत खात्याचे उपमंत्री असताना त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांचे गाऱ्हाणे घेऊन आलेल्या मोहनदास गांधी नावाच्या बॅरिस्टरची भेट घेतली. पुढे दोघेही चाळीस वर्षे राजकारणात राहिले, पण त्यांची पुन्हा गाठ पडली नाही. १९१० साली लंडनमध्ये अटक झालेल्या सावरकरांची हिंदुस्थानात रवानगी झाली, तेव्हा ब्रिटनचे गृहमंत्रिपद चर्चिल यांच्याकडेच होते. १९३१ साली त्याच बॅरिस्टरचा त्यांनी ‘अर्धनग्न फकीर’ असा उल्लेख केला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लक्षावधी माणसे अन्नावाचून आणि रोगराईने मेली, तेव्हा धान्यासाठी जहाजे मिळवताना व्हाइसरॉय आणि भारतमंत्री या त्यांच्याच माणसांना पंतप्रधानांशी झगडावे लागले. आणि १९४४ साली गांधी अजून मेले कसे नाहीत, अशी चौकशी करणारी चर्चिल यांची तार आल्याचे व्हाइसरॉय वेव्हेल यांनी आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले. चर्चिल यांचे किस्से चवीने सांगणारे लोक ही तार सहसा गाळतात. मला ते बरोबर वाटत नाही.

गाळाव्यात अशा गोष्टी वेगळ्याच आहेत. मोबाइलवर वरचेवर फिरणारी एक गोष्ट आपणही वाचली असेल: लहानपणी बुडणाऱ्या चर्चिलना एका गरीब शेतकऱ्याने वाचवले, चर्चिलच्या वडिलांनी त्या शेतकऱ्याच्या मुलाला शिकवले, तो मुलगा म्हणजे अलेक्झांडर फ्लेमिंग, आणि त्याच्याच पेनिसिलिनने पुढे चर्चिल न्यूमोनियातून वाचले. गोष्ट फारच गोड आहे, पण खोटी आहे, आणि ती दंतकथा असल्याचे खुद्द फ्लेमिंग यांनीच सांगितले होते. १९४३ च्या डिसेंबरात ट्युनिशियात चर्चिल यांना न्यूमोनिया झाला हे खरे. पण त्यांना दिलेले औषध सल्फा वर्गातले होते, पेनिसिलिन नव्हते. याउलट खोटी वाटावी अशी एक गोष्ट मात्र पक्की खरी आहे. विन्स्टन चर्चिल याच नावाचे एक अमेरिकी कादंबरीकार त्या काळी फार लोकप्रिय होते. इकडच्या चर्चिलनी त्यांना अदबीने पत्र लिहिले आणि वाचकांचा घोटाळा होऊ नये म्हणून आपण ‘विन्स्टन स्पेन्सर चर्चिल’ या नावाने लिहू, असे कळवले. पुढे १९५३ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक या स्पेन्सरवाल्या चर्चिलना मिळाले.

आता त्यांच्या आवाजाकडे वळतो, कारण ध्वनिक्षेपकासमोर बसून बोलणाऱ्या माणसाला त्याचेच कुतूहल अधिक. चर्चिल यांना ‘स’ हे अक्षर नीट म्हणता येत नसे. तरुणपणी त्यांनी लंडनच्या एका नामांकित घशाच्या डॉक्टरला दाखवले. जिभेत कसलाही दोष नाही, सराव करा, एवढाच सल्ला मिळाला. मग ते रस्त्याने चालताना ‘स’ पेरलेली वाक्ये घोकू लागले. सुरुवातीला ते भाषणे तोंडपाठ करीत. २२ एप्रिल १९०४ रोजी पार्लमेंटात पाऊण तास बोलल्यावर त्यांना पुढचे वाक्य आठवेना. कोटाचे खिसे चाचपले, खाली पाहिले, ऐकून घेतल्याबद्दल सभागृहाचे आभार मानले आणि ते खाली बसले. त्यांच्या वडिलांची अखेरच्या दिवसांत भर सभागृहात भाषणे करताना झालेली दैना पाहिलेले सभासद तिथे हजर होते, त्यामुळे कोणाला हसू आले नाही.

त्यानंतर मोठे भाषण त्यांनी कागदाशिवाय केले नाही. येरझारा घालत ते मजकूर सांगत, आणि चिटणीस बाई तो कमी आवाज करणाऱ्या यंत्रावर टंकलिखित करीत. अखेरची प्रत अभंगासारखी तुकड्या-तुकड्यांच्या ओळी पाडून तयार होई, म्हणजे श्वास कुठे घ्यायचा आणि कुठे थांबायचे ते नजरेलाच कळावे. त्या कागदांना टाचणी किंवा पिन लावलेली त्यांना खपत नसे. भोक पाडून दोरा ओवावा लागे, आणि भोक पाडण्याच्या त्या यंत्राला त्यांनी स्वतःच ‘क्लॉप’ असे नाव दिले होते. नव्याने आलेल्या कॅथलीन हिल या चिटणीस बाईंना त्यांनी “क्लॉप आणा” असे सांगितले, तेव्हा त्यांनी बरीच शोधाशोध करून क्लॉप नावाच्या जर्मन इतिहासकाराचे सगळे खंड आणून समोर ठेवले. दातांच्या कवळीचेही असेच. ती मुद्दाम थोडी सैल बसेल अशी बनवून घेतलेली होती, कारण घट्ट बसली असती तर लोकांच्या ओळखीचा तो ‘स’ बदलला असता. तिच्यापैकी एक जोड लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात आहे.

१९४० च्या उन्हाळ्यात हाच आवाज ब्रिटनमध्ये घरोघरी पोहोचला, पण आपण समजतो तसा नव्हे. ४ जून रोजी डंकर्कहून सैन्य परत आल्यावर, आम्ही किनाऱ्यांवर लढू, असे सांगणारे जे सुप्रसिद्ध भाषण झाले, ते पार्लमेंटात झाले, आणि पार्लमेंटातील कामकाज ध्वनिमुद्रित करण्याची तेव्हा सोय नव्हती. त्या संध्याकाळी बीबीसीवर त्यातील उतारे वृत्तनिवेदकाने आपल्या आवाजात वाचून दाखवले. दोन आठवड्यांनी, १८ जूनचे भाषण चर्चिल यांनी दुपारी सभागृहात केले आणि रात्री तेच ध्वनिक्षेपकासमोर पुन्हा वाचले. ते ऐकणाऱ्या काहींना पंतप्रधान थकलेले वाटले. तरीही, किनाऱ्यांवर लढण्याची ती वाक्ये आपण १९४० साली रेडिओवर त्यांच्याच तोंडून ऐकली, असे शपथेवर सांगणारे लोक ब्रिटनमध्ये पुढे अनेक वर्षे भेटत राहिले. ते खोटे बोलत नव्हते. स्मृतीने त्यांना तो आवाज मागाहून पुरवला होता. माहितीपटांमध्ये डंकर्कच्या वाळूतील सैनिकांच्या रांगा दाखवताना आज आपण जे भाषण ऐकतो, ते १९४९ साली, निवडणूक हरून विरोधी पक्षनेते झालेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या चर्चिल यांनी चार्टवेल येथील आपल्या घरी तबकडीसाठी निवांत वाचलेले आहे.

नमस्कार.