आधी काळापांढरा, मग रंग

(दृश्य: टेबलावर उघडा संच. कॅमेरा पिक्चर ट्यूबच्या मानेकडून हळूहळू चेसिसवर येतो.)

हा रंगीत टीव्ही १९६४-६५ च्या सुमाराचा. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीचा, सीटीसी-१६ चेसिसचा, म्हणजे आतल्या सांगाड्याचा. समोर २१ इंची पिक्चर ट्यूब आहे. तिचा पडदा चौकोनी नाही. तो दोन्ही बाजूंनी गोल आणि वर-खाली सपाट कापल्यासारखा दिसतो. आत वीसहून जास्त व्हॉल्व्ह, म्हणजे निर्वात काचेच्या नळ्या, आहेत आणि एकट्याने उचलायचा विचारही करू नये इतकं वजन.

आपल्याकडे असा संच कुणाच्या घरात पाहिल्याचं आठवणार नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं ते काळंपांढरं, आणि रंग आला १५ ऑगस्ट १९८२ ला. तोवर जगभर ट्रान्झिस्टर आणि आयसी आले होते. व्हॉल्व्हवर चालणारा रंगीत टीव्ही आपल्याला लागलाच नाही. म्हणून इथल्या जुन्या मेकॅनिकांना व्हॉल्व्हचे काळेपांढरे संच तोंडपाठ आणि नंतरचे रंगीत संचही तोंडपाठ, पण या दोन्हींच्या मधला हा प्राणी मात्र त्यांच्या हाताखालून गेलेला नाही. अमेरिकेत तो लाखोंनी खपला, आणि आज तिथे त्याला पुन्हा चालू करणाऱ्यांची एक छोटी, जिद्दी बिरादरी आहे.

असा संच दुरुस्त करताना एक पथ्य पाळायचं: रंग विसरायचा. रंगाचं बटण पूर्ण डावीकडे फिरवून ठेवायचं आणि आधी स्वच्छ, स्थिर, काळंपांढरं चित्र मिळवायचं. ही सोय कुणा मेकॅनिकने शोधलेली नाही, ती या पद्धतीच्या जन्मातच आहे. अमेरिकेत १९५० मध्ये सीबीएस या प्रक्षेपण कंपनीच्या ज्या रंगीत पद्धतीला मान्यता मिळाली होती, तिचं प्रक्षेपण लोकांच्या घरातल्या जुन्या संचांवर दिसतच नसे. ती टिकली नाही. १७ डिसेंबर १९५३ ला मंजूर झालेली एनटीएससी पद्धत टिकली, कारण तिच्यात काळंपांढरं चित्र होतं तसंच ठेवून रंगाची माहिती त्याच लहरीत वेगळी मिसळली होती. संचातही तसंच: पाया काळ्यापांढऱ्याचा, रंगाचे मजले त्यावर. पाया कच्चा असताना रंगाशी झटापट करणं म्हणजे दिवस फुकट घालवणं.

(दृश्य: पिक्चर ट्यूबचा सॉकेट काढून टेस्टर जोडला जातो. तीन सुया हलतात.)

पण पहिलं काम त्याही आधीचं. पिक्चर ट्यूब जिवंत आहे का? व्हॉल्व्ह मिळतात, कंडेन्सर मिळतात, रेझिस्टन्स तर हवे तितके. ही ट्यूब नवी मिळत नाही. जुन्या ट्यूबची मान कापून आत नव्या गन (पडद्यावर इलेक्ट्रॉनचा झोत टाकणारे भाग) बसवून देणारी अमेरिकेतली कार्यशाळा आयोवा राज्यात डे मॉइन इथे होती, हॉकआय नावाची. ती २०१० मध्ये बंद झाली. तिची यंत्रं ओहायोतल्या हिलियार्ड इथल्या अर्ली टेलिव्हिजन म्युझियमने घेतली. ती विद्या बुडू नये म्हणून एका संग्रहालयाने केलेला हा खटाटोप मला फार मोठा वाटतो. १९५४ च्या सीटी-१०० या आरसीएच्या पहिल्या रंगीत संचाची अवस्था तर आणखी बिकट. हजार डॉलर किमतीचा तो संच, आणि त्यातल्या १५ इंची ट्यूबमध्ये काच आणि धातूच्या जोडातून हळूहळू हवा शिरते. हवा शिरली की मानेतला चंदेरी डाग पांढरा पडतो, आणि मग टेस्टर लावायचीही गरज उरत नाही.

आपल्या ट्यूबमध्ये तो डाग चंदेरी आहे. लाल, हिरवी, निळी या तिन्ही गन टेस्टरवर चांगल्या दिसताहेत आणि एकमेकींच्या जवळपास आहेत. जवळपास असणं महत्त्वाचं, कारण एक गन फार मागे पडली तर पांढरा रंग कधीच नीट पांढरा होत नाही. टेस्टरवर ट्यूबला जास्त व्होल्टेज देऊन ‘बूस्ट’ करायची युक्ती आपल्या मेकॅनिकांनाही ठाऊक होती. माझं मत विचाराल तर चालणाऱ्या ट्यूबला ती कधीच करू नये. ट्यूब खरोखर बसली असेल, गमावण्यासारखं काही उरलं नसेल, तेव्हाच.

आता वीज. पण प्लग लावायची घाई नको. साठ वर्षांत इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकलेले असतात आणि कागदी कंडेन्सर गळायला लागलेले असतात. कागदी कंडेन्सर गळला की आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरचं (इलेक्ट्रॉन जिथे पोचतात त्या टोकावरचं) धन व्होल्टेज पुढच्याच्या ग्रिडवर, म्हणजे करंट काबूत ठेवणाऱ्या जाळीवर, उतरतं, आणि तो व्हॉल्व्ह बेसुमार करंट ओढू लागतो. काही जण संचाला व्हेरिअ‍ॅक लावून व्होल्टेज हळूहळू वाढवतात आणि कंडेन्सर ‘जागे’ होतात असं म्हणतात. जागे होतात, पण किती दिवस? मी फिल्टरचे (वीजपुरवठा सपाट करणारे) आणि कागदी कंडेन्सर आधीच बदलून घेतो. मात्र एकेक करून. एक बदलला, सोल्डरचा डाग दिला, जोड ओढून पाहिला, मगच पुढचा. सगळे एकदम उपसले तर एखादी तार चुकीच्या टोकाला जाते, आणि मग जुना दोष कोणता आणि आपण केलेला कोणता हे कळायला मार्ग राहत नाही. कार्बनचे रेझिस्टन्सही मोजायचे. ते काळाबरोबर चढतात, छापलेल्या किमतीपेक्षा कितीतरी वर निघतात.

(दृश्य: धातूच्या पेटीचं झाकण उघडून आतला ट्रान्सफॉर्मर दाखवला जातो.)

संचातली सगळ्यात नाजूक जागा ही. फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर. आपल्याकडे मेकॅनिक याला एलओटी म्हणायचे. पिक्चर ट्यूबला लागणारे सुमारे २४ हजार व्होल्ट इथून निघतात. त्याला जोर देणारा आउटपुट व्हॉल्व्ह आहे ६जेई६. या व्हॉल्व्हला ग्रिडवर सतत ठोके मिळत राहिले पाहिजेत, सेकंदाला १५,७३४. मागच्या ऑसिलेटरने ठोके देणं थांबवलं, की ग्रिडवरचं ऋण व्होल्टेज नाहीसं होतं, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा पडतो, त्याची प्लेट लालबुंद होते, आणि थोड्याच वेळात फ्लायबॅकचं मेण वितळू लागतं. एका स्वस्त कंडेन्सरपायी न मिळणारा ट्रान्सफॉर्मर जातो.

म्हणून क्रम असा ठेवतो. या संचाला मेन ट्रान्सफॉर्मर आहे आणि फिलामेंट समांतर जोडलेले आहेत, त्यामुळे एक व्हॉल्व्ह काढला तरी बाकीचे पेटतात. आउटपुट व्हॉल्व्ह काढून ठेवायचा, संच चालू करायचा, आणि त्याच्या सॉकेटच्या ग्रिडवर ऑसिलोस्कोप लावून ठोके येतात का ते पाहायचं. येताहेत. आता संच बंद, व्हॉल्व्ह जागेवर, आणि त्याच्या कॅथोडच्या (इलेक्ट्रॉन जिथून निघतात त्या टोकाच्या) वाटेत मिलीअ‍ॅम्पिअर मीटर.

जरा जवळून बघा. संच चालू केल्यावर सुई आधी शून्यावर असते. फिलामेंट तापेपर्यंत काही होत नाही. मग ती उठते आणि चढत जाते. २०० च्या आसपास थांबली तर ठीक. इथे ती २४० च्या पुढे जाते आहे, म्हणून लगेच बंद. फ्लायबॅकजवळ एक कॉइल आहे, एफिशियन्सी कॉइल. तिच्यातला गाभा स्क्रूड्रायव्हरने फिरवता येतो, स्क्रूड्रायव्हर प्लॅस्टिकचा. पुन्हा चालू करून गाभा एका बाजूला फिरवला तर करंट वाढतो, दुसऱ्या बाजूला फिरवला तर तो उतरत जातो, एका जागी सर्वांत कमी होतो, आणि पुढे गेलात की पुन्हा चढतो. त्या खोल जागेवर थांबायचं. सुई आता २०० च्या खाली आहे. दोन मिनिटांचं काम, पण फ्लायबॅकचं आयुष्य याच्यावर ठरतं. कुणी जुना संच सरळ भिंतीत प्लग लावून ‘चालतोय की’ म्हणून दाखवतो, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ही सुई येते.

इथे एक गोष्ट बजावून सांगायची आहे. याच पेटीत रेग्युलेटरचा व्हॉल्व्ह असतो, ६बीके४. चित्र उजळ असो की काळोखं, २४ हजार व्होल्ट स्थिर ठेवणं हे त्याचं काम. एवढ्या व्होल्टेजवर क्ष-किरण निघू शकतात. १९६७ मध्ये अमेरिकेत काही मोठ्या रंगीत संचांतून ते प्रमाणाबाहेर येताना आढळले, आणि दोष निघाला तो याच जातीच्या व्हॉल्व्हमध्ये. पुढच्याच वर्षी तिथे याबद्दल कायदा झाला. तेव्हा संच चालू असताना पेटीचं झाकण लावलेलंच हवं, आणि चित्र उजळ यावं म्हणून व्होल्टेज ठरलेल्या आकड्यापलीकडे चढवायचं नाही. संच बंद केल्यावरही ट्यूबमध्ये चार्ज साठून राहतो. तिच्या बाहेरच्या काळ्या लेपाला जोडलेली तार स्क्रूड्रायव्हरला बांधून तो उतरवायचा, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा उतरवायचा.

(दृश्य: पडद्यावर काळंपांढरं चित्र. वरच्या बाजूला दाबलेलं.)

चित्र आलं. पण वरून दाबलेलं आहे आणि त्यातून एक करडा पट्टा खालून वर सरकतो आहे. पट्टा म्हणजे वीजपुरवठ्यातला चढउतार, कुठला तरी फिल्टर अजून कमी पडतो आहे. दाबलेपण व्हर्टिकलच्या, म्हणजे चित्राची उंची ठरवणाऱ्या, भागात. एक रेझिस्टन्स दीडपट चढलेला निघाला. तो बदलला आणि फिल्टरचा राहिलेला कंडेन्सर बदलला की चित्र सरळ झालं.

पण हे काळंपांढरं खरोखर काळंपांढरं आहे का? नाही. सावल्या हिरवट आहेत. या संचाच्या मागे एक सर्व्हिस स्विच असतो. तो ओढला की सगळं चित्र मिटून पडद्यावर मधोमध एक आडवी रेघ राहते. तिन्ही गनचे स्क्रीन कंट्रोल पूर्ण खाली आणायचे. मग फक्त लाल वर चढवत न्यायचा, रेघ जेमतेम दिसू लागेपर्यंत. तसाच हिरवा, तसाच निळा. स्विच परत सोडला की सावल्या करड्या होतात. उजेडाच्या भागातला रंग वेगळ्या ड्राइव्ह कंट्रोलने जुळवायचा.

यानंतर येते प्युरिटी. पडद्यावरच्या फॉस्फरच्या (झोत पडला की उजळणाऱ्या) ठिपक्यांमागे एक जाळीदार पत्रा आहे, साडेतीन लाखांच्या आसपास भोकांचा, आणि प्रत्येक गनचा झोत फक्त आपल्याच रंगाच्या ठिपक्यांवर पडला पाहिजे. पत्र्यात चुंबकत्व साठलं तरी तो ढळतो. म्हणून आधी हातातली डिगॉसिंग कॉइल पडद्यापुढे गोल फिरवत दूर न्यायची आणि मगच बंद करायची. मग फक्त लाल गन चालू ठेवून मानेवरची कड्यांची जोडी फिरवायची, पडदा सगळीकडे एकसारखा लाल होईपर्यंत.

कन्व्हर्जन्स हा खरा संयमाचा भाग. जाळीच्या आडव्या-उभ्या रेषा पडद्यावर आणल्या की तिन्ही रंगांच्या रेषा वेगवेगळ्या दिसतात. मध्यभागी त्या चुंबकांनी एकत्र आणायच्या. कडांसाठी १२ बटणांचं वेगळं पॅनेल आहे, आणि एक हललं की दुसरं थोडं बिघडतं. कोपऱ्यात थोडी झालर राहतेच. नव्या संचातही राहायची. तिथे थांबता यावं लागतं.

आता रंगाचं बटण. उजवीकडे फिरवलं आणि काहीच आलं नाही.

सिग्नलमध्ये प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ३.५८ मेगाहर्ट्‌झचा एक छोटा झटका येतो. संचातला क्रिस्टल त्याच्या तालावर चालतो. झटका ओळखता आला नाही तर ‘कलर किलर’ नावाचा भाग रंग मुद्दाम बंद ठेवतो, काळ्यापांढऱ्या कार्यक्रमावर रंगाचे ठिपके नाचू नयेत म्हणून. किलरचं बटण फिरवून रंग जबरदस्तीने उघडला, आणि पडद्यावर इंद्रधनुष्याचे तिरपे पट्टे धावू लागले. ही चांगली बातमी. रंग आहे, फक्त ताल सुटलाय. शोध क्रिस्टलच्या ऑसिलेटरचा ताल (फेज) जुळवणाऱ्या भागापुरता उरला. तिथला एक व्हॉल्व्ह बदलला, कॉइल जुळवली, पट्टे थांबले.

तरीही चेहरे जांभळट दिसत होते आणि टिंटचं, म्हणजे रंगछटेचं, बटण अगदी टोकाला नेलं तरी नीट होत नव्हते. लाल, हिरवा, निळा यांचे शेवटचे तीन अ‍ॅम्प्लिफायर ६जीयू७ व्हॉल्व्हवर आहेत, आणि त्यांचा कॅथोडचा रेझिस्टन्स सामाईक आहे. हिरव्याला आपला सिग्नल त्या सामाईक वाटेनेच मिळतो. म्हणून एकात बिघाड झाला की तिन्ही रंग थोडेथोडे ढळतात, आणि दोष नेमका कुठे आहे ते पडद्यावरून कळत नाही. मीटर लावून तिन्ही प्लेटची व्होल्टेज ताडून पाहिली. लालचं वेगळं निघालं. त्याच्या प्लेटचा रेझिस्टन्स चढला होता.

(दृश्य: पडद्यावर रंगीत चित्र. टिंटचं बटण मधोमध.)

अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण १२ जून २००९ ला संपलं, त्यामुळे हे चित्र येतंय ते डीव्हीडी प्लेअरमधून, मॉड्युलेटर लावून, तीन नंबरच्या चॅनेलवर. संच आता चार तास असाच चालू ठेवणार. मग कॅथोडचा करंट पुन्हा मोजणार, कारण गरम झाल्यावर एफिशियन्सी कॉइलची खोल जागा किंचित सरकते. ती जुळवली, प्युरिटी पुन्हा पाहिली, की मागचं झाकण बसवायचं.