एका घरात एकच पदार्थ

(दक्षिण जर्मनीतल्या आपल्या मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात झालेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं आवरून घेतलं आहे.)

नमस्कार मंडळी.

यंदा फराळ केटररकडून मागवायचा की घरोघरी करायचा, यावर कार्यकारिणीत बरीच खडाजंगी झाली. केटरर लावा म्हणणाऱ्यांत बायका जास्त होत्या आणि त्यांचं गाऱ्हाणं खरंच होतं. इथे दिवाळीची सुट्टी नसते. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आलं आणि बायर्न, बाडेन-व्युर्टेंबर्ग या इथल्या राज्यांत त्या दिवशी सर्व संतांच्या सणाची सुट्टी निघाली, पण पंचांग आणि चर्च यांचं असं दर वर्षी जमत नाही. एरवी नोकरी सांभाळून लाडू, चिवडा, चकली, शेव, शंकरपाळे, करंज्या, अनारसे हे सगळं एका घरात, बहुतेक वेळा एकाच बाईने उरकायचं. रात्री दहानंतर मिक्सर लावायचा नाही. रविवारी दुकानं बंद, आणि घरातही आवाज करायचा नाही. मग करायचं कधी?

केटरर हे त्यावरचं उत्तर मला पटलं नाही. सातही पदार्थ एका घराने करायचेच कशाला? आज या टेबलांवर जे मांडलंय ते असं जमलंय: एका घराने एकच पदार्थ करायचा, पण तो भरपूर. घरी जाताना प्रत्येकाच्या डब्यात सगळं असेल. नवऱ्यांनाही यातून सुटका नाही. ज्यांना काहीच येत नाही असं दर वर्षी कानावर येतं, त्यांनी शंकरपाळे कापावेत. त्याला फक्त कातणं आणि चिकाटी लागते.

यात नवीन काही नाही. वाड्यांतून, चाळींतून आज हिच्याकडे करंज्या, उद्या तिच्याकडे असंच चालायचं. एकीने पीठ कुटायचं, दुसरीने लाटायचं, तिसरीने भरायचं, आणि तळायला बसायची ती सगळ्यात अनुभवी. प्रत्येक घराने स्वतंत्रपणे सगळंच करायचं ही सक्ती आपण फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर स्वतःवर लादून घेतली असावी, असा माझा संशय आहे.

आपल्या शेजाऱ्यांकडे बघा. नोव्हेंबर संपताना ॲडव्हेंट, म्हणजे नाताळाआधीचे आठवडे, लागतो आणि घरोघरी प्लेट्सशन, म्हणजे नाताळची छोटी बिस्किटं, भाजायला सुरुवात होते. (दुकानांचं सोडा, ते लेबकुखन, म्हणजे मसाल्याचे मधाचे केक, सप्टेंबरपासूनच मांडून ठेवतात, आपले गणपती उठलेले असोत वा नसोत.) वानिलकिप्फर्ल, दालचिनीचे तारे, जॅम भरलेली गोल बिस्किटं, असं सगळं पत्र्याच्या डब्यांत थरामध्ये कागद घालून ठेवतात आणि मग डब्यांची अदलाबदल होते. एका मैत्रिणीने दोनच प्रकार करायचे आणि घरी न्यायचे आठ. किप्फर्ल म्हणजे मैदा, लोणी, साखर आणि बदामाची किंवा हेझलनटची पूड. आपल्या नानकटाईची सख्खी बहीण. बऱ्याच घरांत त्यात अंडं घालत नाहीत, पण काही घरांत बलक असतो, तेव्हा शाकाहारी मंडळींनी विचारून घ्यावं.

त्यांच्या आणि आपल्या डब्यांत एक गोष्ट सारखी आहे. सणाचा जो पदार्थ घराबाहेर पडतो तो टिकाऊ असावा लागतो. पुरणपोळी कितीही आवडली तरी ती गरम तव्यावरून ताटातच यायला हवी. लाडू, चकली, शंकरपाळे यांत पाणी जवळजवळ उरलेलं नसतं, म्हणून ते आठ-पंधरा दिवस आधी करता येतात, डब्यात राहतात आणि दुसऱ्याच्या घरी जातात. ख्रिस्टश्टोलन, म्हणजे नाताळचा सुक्या मेव्याचा गोड पाव, तर भाजल्यावर दोन-तीन आठवडे मुरू देतात. या श्टोलनची एक गोष्ट मला फार आवडते. पूर्वी ॲडव्हेंट हा उपासाचा काळ होता आणि त्यात लोणी वर्ज्य. श्टोलन तेलातच करावा लागे आणि तो कसा लागत असेल याची आपण कल्पना करू शकतो. सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांनी पोपकडे विनवणी केली आणि शेवटी १४९१ मध्ये पोप आठवे इनोसंट यांनी लोणी वापरायची परवानगी दिली, तीही दंड भरायच्या अटीवर! लाडवासाठी तुपाचा हट्ट धरणाऱ्या आपल्या सासवांना हे राज्यकर्ते जवळचे वाटले असते.

आता अनारसे. यंदाही त्यांना हात लावायला फारसं कुणी धजावलेलं नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. मग कापडावर पसरून ते दमट असतानाच दळायचे. खडखडीत वाळले की पीठ बिघडलं. चाळून त्यात गूळ किंवा साखर मळून गोळा डब्यात ठेवायचा. तो काही दिवस आंबतो, आणि जाळी पडते ती त्याच्यामुळेच. इथल्या थंड स्वयंपाकघरात हे काम रेंगाळतं, त्यामुळे डबा हीटरच्या जवळ ठेवा, अगदी वर नको. तुपात सोडल्यावर अनारसा विस्कटला की आपण तो हसला म्हणतो. तेव्हा पिठात थोडी तांदळाची पिठी मिसळावी. खसखशीची बाजू वर ठेवून तळायचं, उलटायचं नाही, वरून झाऱ्याने तूप सोडत राहायचं. खसखस इथे निळसर काळी मिळते. अनारसा दिसायला करडा होतो, चवीला चालतो. दुबई आणि सिंगापूरच्या मंडळींना खसखशीवरच बंदी आहे, तेव्हा आपण तक्रार करू नये. जुन्या पद्धतीच्या लेबकुखनचं मधाचं पीठही असंच आठवडेच्या आठवडे मुरत ठेवतात. माझ्या शेजारच्या आजींना मी अनारशाचं पीठ दाखवलं तेव्हा त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

सामानाबद्दल दर वर्षी तेच प्रश्न येतात, ते इथेच संपवते. मैद्यासाठी ४०५ नंबरचं पीठ घ्या. तो आकडा म्हणजे १०० ग्रॅम पिठातली खनिजं मिलिग्रॅममध्ये. आकडा जेवढा लहान, तेवढं पीठ पांढरं. रव्याच्या लाडवाला मऊ गव्हाचा ग्रीस, म्हणजे रवा, घ्यावा. हार्टवाइत्सनचा असतो तो ड्युरम गहू, त्याचा दाणा लाडवात कडक लागतो. ऑरगॅनिक दुकानातलं किखरएर्ब्सनमेल बहुतेक वेळा काबुली चण्याचं असतं. त्याचा बेसनलाडू होतो, पण भाजताना घर दरवळत नाही. त्यासाठी हरभऱ्याच्या डाळीचं बेसन भारतीय दुकानातूनच आणावं. तुपासाठी बुटरश्माल्त्स सगळीकडे मिळतं. तरी वेळ असेल तर झाउअररामबुटर आणून घरी कढवा. ते विरजलेल्या सायीचं लोणी असतं, त्यामुळे वास आपल्या लोणकढ्या तुपाचा येतो. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना तूप आणि खवा आणायला सांगू नका, दुग्धजन्य पदार्थ प्रवासी सामानातून युरोपीय संघात आणायला मनाई आहे. चिवड्याचे पातळ पोहे उन्हात ठेवायला ऊन मिळत नाही, तेव्हा ओव्हन १०० अंशांवर ठेवून कुरकुरीत करावेत. एक गोष्ट मात्र इथे आपल्या बाजूची आहे: हीटर चालू असलेल्या घरातली हवा इतकी कोरडी असते की चिवडा मुंबईपेक्षा जास्त दिवस खुटखुटीत राहतो.

आता टेबलांकडे वळू. प्रत्येक डब्यापुढे चिठ्ठी आहे: पदार्थ, कुठल्या पद्धतीचा, आत काय. तीळ, शेंगदाणे, काजू-बदाम, गहू, दूध एवढं तरी लिहायलाच हवं, कारण ॲलर्जी असलेली मुलं आपल्यात आहेत. खरी मजा आहे ती ‘कुठल्या पद्धतीचा’ या ओळीत. चकलीचे चार डबे आले आहेत आणि चारही वेगळे. एकीकडे तांदूळ, हरभरा डाळ आणि उडीद डाळ चार-दोन-एक मापाने भाजलेली भाजणी, दुसरीकडे उडदाऐवजी मूग, तिसरी नुसत्या तांदळाच्या पिठाची आणि लोण्याची, चौथी कोल्हापुरी तिखटाने लालभडक. करंजीच्या टेबलावर सीकेपी घरातले खाजाचे कानवले आहेत, त्यांचे पदर मोजत बसू नका, सरळ खा. शेजारी गोव्याच्या नेवऱ्या. त्याच घराने पहाटेचे ताकातले आणि रोसातले, म्हणजे नारळाच्या दुधातले, पोहेही करून आणले आहेत. नरकचतुर्दशीला गोव्यात पोह्यांचे इतके प्रकार होतात की फराळाचा नंबर नंतर लागतो. पायाखाली फोडायला कारीट मात्र इथे मिळालं नाही.

यातली कुठली चकली अस्सल हे ठरवायला परीक्षक नेमा, बक्षीस ठेवा, अशी एक सूचना आली होती. मी ती हाणून पाडली आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही. स्पर्धा ठेवली की पुढच्या वर्षी ज्यांची चकली मऊ पडते ते डबा आणणार नाहीत. मऊ पडलेली चकली म्हणजे बहुतेक वेळा घाईत मोठ्या आचेवर तळलेली, दुसरं काही नाही. तेलात विरघळली तर मोहन जास्त झालं, दाताला कडक लागली तर कमी पडलं. हे कुणी तरी शेजारी उभं राहून सांगितलं की पुढच्या वेळी जमतं.

आणखी एक घर आज आपल्यात आहे, वसईकडचं, ख्रिस्ती. त्यांचा मोठा सण डिसेंबरात. तेही नेवऱ्या करतात. कुलकुलही करतात, पिठाची गोळी काट्याच्या पाठीवर दाबून वळायची आणि तळायची. गोव्यात नाताळच्या या सगळ्या गोडधोडाला कुस्वार म्हणतात. दोदोल, बेबिंक, नेवऱ्या ताटात मांडून शेजारीपाजारी पाठवतात, हिंदू शेजाऱ्यांकडेही. दिवाळीत त्यांच्याकडून ताट यायचं, नाताळात इकडून जायचं. रिकामं ताट परत करायचं नाही, एवढाच नियम. त्या घराने विचारलं की डिसेंबरात अदलाबदल ठेवायची का, आणि आम्ही लगेच हो म्हटलं.

तर ॲडव्हेंटच्या दुसऱ्या रविवारी दुपारी, याच सभागृहात. इथल्या स्वयंपाकघरात तळायला परवानगी नाही, म्हणून सगळं घरून करून आणायचं. एका घराने एकच पदार्थ, चाळीस नग किंवा एक किलो. फराळाचा चालेल, कुस्वारातला चालेल, प्लेट्सशनही चालतील. ज्यांच्या इमारतीत जर्मन शेजारी ओळखीचे आहेत त्यांनी त्यांनाही बोलवा, त्यांचा डबा घेऊन. आपले डबे आणताना बुडाला नाव लिहा, झाकणावर नको, झाकणं बदलतात. यादी दाराजवळ लावली आहे. शेवेपुढे तीन नावं झाली आहेत, तिथे आता कुणी लिहू नका. अनारशांपुढची जागा रिकामी आहे. ज्यांना पीठ भिजवायचं आहे त्यांनी मला आठवडाभर आधी फोन करा, पहिला घाणा आपण माझ्याकडे एकत्र तळू.