पॉझिटिव्ह अहवालाचा अर्थ

एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) या विषाणूच्या चाचणीच्या अहवालावर कधी एक ओळ ठळक छापलेली असते : ‘हाय-रिस्क एचपीव्ही डिटेक्टेड’. हा कागद हाती पडलेल्या बाईला बहुधा वाटते की आपल्याला कॅन्सर झाला. प्रत्यक्षात गर्भाशयमुखावरून ब्रशने घेतलेल्या नमुन्यात, पुढेमागे कॅन्सरला कारण ठरू शकणाऱ्या विषाणूप्रकारांपैकी एखादा सापडला, एवढेच ही ओळ सांगते.

लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा एचपीव्हीचा संसर्ग होतो आणि दहापैकी जवळजवळ नऊ संसर्ग शरीराची प्रतिकारशक्ती साधारण दोन वर्षांत आटोक्यात आणते. हा विषाणू वर्षानुवर्षे सुप्तही राहू शकत असल्याने तो कधी आला, कोणाकडून आला, हे अहवालावरून ठरवता येत नाही. त्यावरून बाईच्या किंवा तिच्या नवऱ्याच्या चारित्र्याचा निवाडा करणे हा निव्वळ अन्याय आहे. काळजी असते ती टिकून राहणाऱ्या संसर्गाची, विशेषतः १६ आणि १८ या प्रकारांची, कारण गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरच्या मुळाशी हे दोन प्रकार असतात. तरीही संसर्गापासून कॅन्सरपर्यंत जायला सहसा १५ ते २० वर्षे लागतात. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांमध्ये मात्र हा काळ बराच कमी असू शकतो.

पॅप स्मीअर ही गर्भाशयमुखाची दुसरी चाचणी विषाणू शोधत नाही, पेशींचे रूप पाहते. ‘लो ग्रेड’ म्हणजे सौम्य बदल पुष्कळदा आपोआप मावळतात, तर ‘हाय ग्रेड’ म्हणजे गंभीर बदलांचा शेरा आला की कोल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुखाची पाहणी, लांबणीवर टाकू नये. या तपासणीत डॉक्टर गर्भाशयमुखाला ३ ते ५ टक्के ॲसिटिक ॲसिड लावतात, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते तेच आम्ल, आणि मिनिटभर थांबतात. निरोगी भाग गुलाबीच राहतो. जिथे पेशी बदललेल्या असतात तिथे पांढरट, कडा स्पष्ट असलेला डाग उमटतो. गरज वाटल्यास त्याच जागेचा लहानसा तुकडा बायोप्सीसाठी काढतात, आणि निदान त्या बायोप्सीवरून ठरते.

एचपीव्ही चाचणीचे मोल जगाला दाखवून देणाऱ्या अभ्यासांपैकी एक महाराष्ट्रातला आहे. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रियांचा त्यात समावेश झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक केंद्र या कामात होते. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणीची संधी मिळालेल्या गटात, तपासणी न मिळालेल्या गटाच्या तुलनेत, बळावलेल्या कॅन्सरचे आणि त्यामुळे झालेल्या मृत्यूंचे प्रमाण जवळपास निम्मे होते. तुलनेच्या गटातील बायकांना तपासणीविना ठेवल्याबद्दल पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले, आणि तेही या इतिहासाचाच भाग आहेत.

त्याच मराठवाड्यात ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ ही भीतीही बायकांच्या वाट्याला आली आहे. बीडमधील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी करावी लागली. केवळ एचपीव्ही सापडला म्हणून गर्भाशय काढणे हा उपचार नव्हे. कॅन्सरपूर्व बदल सिद्ध झाले तरी बहुतेक वेळा तेवढाच भाग गोठवून, उष्णतेने जाळून किंवा विजेच्या तारेच्या फासाने कापून काढता येतो. बाई अनेकदा त्याच दिवशी घरी जाते आणि पिशवी शाबूत राहते. त्यानंतर साधारण वर्षभराने चाचणी पुन्हा करायची असते, आणि त्या वेळी जुना अहवाल सोबत न्यायचा असतो.