व्हिसा दहा वर्षांचा, मुक्काम सहा महिन्यांचा

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेतलं भाषण, थोडंफार नीट करून)

मंडळी, बाहेर फळ्यावर माझा विषय लिहिलाय 'अमेरिकेच्या ग्रीन कार्डची रांग का सरकत नाही'. त्यावर येतो, नक्की येतो. पण त्याआधी मला एक गोष्ट बोलून घ्यायचीये, कारण इथल्या निम्म्या लोकांची मुलं तिकडे आहेत आणि उरलेल्यांचे भाचे-पुतणे तरी आहेतच. हात वर करा बरं, कोणाकोणाकडे बी-वन बी-टू, म्हणजे फिरायला-भेटायला जायचा व्हिसा आहे? वा, भरपूर आहेत. आता ज्यांना आय-नाईन्टीफोर काय असतं ते माहितीये त्यांनीच हात वर ठेवा. झालं, सगळे खाली! मागे जोशीबाईंचा एक आहे, पण त्या पंखा कमी करा सांगतायत. (हशा)

तर आमच्या सोसायटीत एक काका-काकू आहेत, नाव सांगत नाही, आज आले नाहीयेत म्हणून बोलतोय. सुनेचं बाळंतपण होतं. पासपोर्टात दहा वर्षांचा व्हिसा, मल्टिपल एंट्री, आणि तिकीट काढून देणाऱ्या एजंटने छातीठोकपणे सांगितलेलं की काका दहा वर्षांचा आहे, कितीही राहा, निर्धास्त राहा. काका उतरले, काउंटरवरच्या ऑफिसरने विचारलं किती दिवस राहणार, काका म्हणाले व्हिसा दहा वर्षांचा आहे. तो हसला, शिक्का मारला, खाली पेनाने एक तारीख लिहिली. ती सहा महिन्यांनंतरची होती. ती तारीख कोणी वाचलीच नाही. काकांनी नाही, मुलानेही नाही, आणि मुलगा तिकडे सॉफ्टवेअरमध्ये बग शोधायचा पगार घेतो! बाळंतपण झालं, बारसं झालं, मग हिवाळ्यात कुठे प्रवास करता म्हणून राहिले, आठ महिन्यांनी आरामात परत आले. जाताना कोणी अडवलं नाही, कारण तिकडे आपल्यासारखा बाहेर पडताना पासपोर्ट बघणारा इमिग्रेशन काउंटर नसतो, एअरलाईनकडून माहिती परस्पर जाते. त्यामुळे काकांना वाटलं सगळं व्यवस्थित झालं.

पुढच्या जानेवारीत नातवाच्या बोरन्हाणाला निघाले. बॅगेत हलव्याचे दागिने, मुकुट, बासरी, सगळं काकूंनी स्वतः केलेलं. एअरपोर्टवर बाजूच्या खोलीत बसवलं, कॉम्प्युटरवर मागच्या मुक्कामाचे दिवस दाखवले, व्हिसा रद्द केला आणि पुढच्या विमानाने परत पाठवलं. मुलगा बाहेर अरायव्हलला उभा, काका-काकू काचेच्या आत, भेटसुद्धा नाही. हलव्याचे दागिने शेवटी वॉचमनच्या मुलाला घातले, त्याचं बोरन्हाण मात्र झोकात झालं.

हे कायद्यात कुठे बसतं ते सांगतो. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम 222(जी). दिलेल्या तारखेपेक्षा जास्त राहिलात की तो व्हिसा आपोआप बाद, त्यावर आठ वर्षं शिल्लक दिसत असली तरी. काकांचं नशीब की जादाचे दिवस 180 च्या आत होते. त्याच्या वर गेले आणि मग देश सोडला तर तीन वर्षं बंदी, एक वर्ष किंवा जास्त झालं तर दहा वर्षं. हे 1996 च्या कायद्यापासून आहे. आणि राहायचंच होतं तर रस्ताही होता, तारीख संपायच्या आत आय-539 फॉर्म भरून मुदतवाढ मागायची. वेळेत अर्ज टाकला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. पण तारीखच माहीत नाही तर अर्ज कशाचा करणार, कप्पाळ!

म्हणजे बघा, व्हिसा देतं अमेरिकेचं परराष्ट्र खातं, आपल्यासाठी मुंबईत बीकेसीच्या वकिलातीत. 2011 पर्यंत ब्रीच कँडीला लिंकन हाऊस होतं, तिथे बाहेर उन्हात उभे राहिलेले लोक इथेही असतील. पण किती दिवस राहायचं ते बीकेसीवाले ठरवतच नाहीत, ते ठरवतो तिकडे उतरल्यावरचा सीबीपीचा, म्हणजे त्यांच्या सीमा तपासणी खात्याचा माणूस, आणि तो जे ठरवतो त्या नोंदीचं नाव आय-नाईन्टीफोर. दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे विहिणीने 'कधीही या हो' म्हणण्यासारखं आहे, म्हणून वळकटी घेऊन जायचं नसतं.

पूर्वी हे पांढरं कार्ड पासपोर्टला स्टेपल करायचे, निदान टोचायचं तरी. 2013 पासून विमानाने जाणाऱ्यांसाठी ते सगळं ऑनलाईन झालं. सीबीपीच्या साईटवर नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर टाकला की दिसतं, फुकट. 'रेकॉर्ड सापडलं नाही' आलं तर घाबरू नका. आपल्या पासपोर्टात बऱ्याचदा गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन्ही नावं असतात, ती दोन्ही टाकायची. नुसतं 'सुरेश' टाकून कसं सापडेल?

याची उलटी बाजूही सांगतो. मुलाच्या पासपोर्टातला एच-वन-बीचा, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचा शिक्का संपलेला बघून इकडे आईचा बीपी वाढतो. अहो पण कंपनीने मुदतवाढ घेतलेली असते, मंजुरीच्या कागदाच्या, म्हणजे आय-797 च्या, खालच्या बाजूला नवीन आय-नाईन्टीफोर असतं, तो कायदेशीर आहे, खुशाल राहू दे. फक्त भारतात आला की परत जाताना नवा शिक्का लागेल, म्हणून तर तो दिवाळीला येत नाही, सुनेला नावं ठेवू नका. (हशा) मात्र पासपोर्ट संपत आला असेल तर उतरल्यावर मुदत पासपोर्टाच्या तारखेपर्यंतच कापून मिळू शकते, भले मंजुरी तीन वर्षांची असो. दर वेळी उतरलं की ती तारीख बघायची.

आणि इंटरव्ह्यूला ते सातबारे नेणं बंद करा! फ्लॅटचं अग्रीमेंट, एफडीच्या पावत्या, एकाने तर शेताचे फोटो लॅमिनेट करून नेले होते. कलम 214(बी) म्हणतं की समोरचा माणूस कायमचा राहायलाच आलाय असं धरून चालायचं, तसं नाही हे पटवायचं काम तुमचं. ते दोन-तीन मिनिटांच्या बोलण्यातच ठरतं, फाईल बहुतेकदा उघडतही नाहीत. कशाला चाललात, किती दिवस, परत कधी, खर्च कोणाचा, खरं आणि थोडक्यात सांगा.

आता बघा, आनंदीबाई जोशी 1883 मध्ये कलकत्त्याहून बोटीने न्यूयॉर्कला गेल्या, त्यांना ना व्हिसा लागला ना इंटरव्ह्यू. त्याच्या आदल्याच वर्षी चिनी मजुरांना बंदी घातलेली होती, आपला नंबर लागायचा होता. 1917 मध्ये आशियाचा मोठा पट्टा बंद केला त्यात आपण आलो. 1946 मध्ये दार किलकिलं केलं, किती, तर वर्षाला 100 भारतीय! खरं दार उघडलं 1965 च्या कायद्याने, आणि आजची जी रांग आहे तिचं मूळही तिथेच... हो हो, चिठ्ठी मिळाली, दहा मिनिटं. बरं.

तर रांग. भराभर सांगतो. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1,40,000, त्यात नवरा-बायको-मुलं पण मोजतात, आणि कुठल्याही एका देशाला 7 टक्के ही मर्यादा. आइसलँडला तेवढीच आणि भारतालाही तेवढीच. कंपनी आधी कामगार खात्याकडे पर्म नावाचा अर्ज करते, तो ज्या दिवशी दाखल झाला ती तुमची प्रायॉरिटी डेट, तोच टोकन नंबर समजा. मग आय-140, म्हणजे कंपनीने मुलासाठी केलेला ग्रीन कार्डचा अर्ज, मंजूर होतो आणि मुलगा फोनवर 'झालं' म्हणतो, तुम्ही पेढे वाटता. काही झालेलं नसतं. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन निघतं, त्यातली तारीख तुमच्या तारखेच्या पुढे गेली तरच शेवटचा अर्ज, आय-485. 2025 च्या उन्हाळ्यात भारताची ईबी-टूची, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या गटाची तारीख होती 1 जानेवारी 2013. आणि ती मागेही येते, त्याला रेट्रोग्रेशन म्हणतात. आय-140 मंजूर असेल तर एच-वन-बी सहा वर्षांच्या पुढे वाढत राहतो, म्हणून लोक तगून आहेत.

यात देश म्हणजे जन्माचा देश, नागरिकत्वाचा नाही. आणि नवरा-बायकोपैकी कोणाचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर त्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं. सून मस्कतला जन्मलेली असेल तर ओमानची रांग, जी आपल्यापेक्षा कितीतरी छोटी! पत्रिकेत नाडी बघता, जन्मस्थळ पण बघत चला.

मुलांचं वाईट आहे. इथून लहानपणी गेलेली मुलं 21 ची झाली की आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतात, वयातून काही दिवस वजा करून मिळतात, पण सगळ्यांना पुरत नाहीत.

तुमचं स्वतःचं काय, तर मुलगा नागरिक झाला आणि 21 च्या वर असेल, असतोच, तर आईवडिलांना आकड्यांची मर्यादा नाही, ही रांगच नाही. त्याच्या भावाला मात्र रांग आहे, त्यात भारताच्या तारखा 2006 च्या आसपास होत्या, म्हणजे वीसेक वर्षं. आणि ग्रीन कार्ड घेऊन वर्षातले अकरा महिने पुण्यात राहायचं असा बेत असेल तर घेऊच नका, ते राहणाऱ्यांसाठी असतं, दर उन्हाळ्यात तोंड दाखवायला नाही. त्यापेक्षा तुमचा बी-टू बरा.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत, ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या आपल्या लोकांचं कार्ड, ते राहिलं, ते पुढच्या महिन्यात बोलावलंत तर. ज्यांचे पासपोर्ट आत्ता जवळ आहेत त्यांनी चहा घेता घेता इकडे या, मोबाईलवर बघून टाकू.