एका खाणगावातून दुसऱ्या खाणगावाकडे

नमस्कार मंडळी. आयोजकांनी मला ‘शाळेतलं संगीत’ हा विषय दिला होता. त्यांना विचारूनच मी तो थोडा वळवतोय. गेलं वर्षभर माझ्या मनात एकच गोष्ट आहे आणि तीच तुमच्यापुढे ठेवायला मी चंद्रपूरहून आलोय. आमच्या शाळेच्या बँडमधल्या २६ मुलांना नेदरलँड्समधल्या केर्कराडे या गावी न्यायचं आहे आणि त्यासाठी पैसे कमी पडताहेत.

आमची शाळा कोळसा खाणीच्या वसाहतीजवळ आहे. मुलांचे वडील खाणीत, ट्रकवर, नाहीतर ठेकेदाराकडे कामाला. उन्हाळ्यात सराव पहाटे सहाला सुरू होतो, कारण नऊनंतर पितळेला हात लावता येत नाही. शिवाय हवा तापली की वाद्याचा सूर चढतो. ट्रम्पेट सावलीत आणि ड्रम उन्हात असं करून आम्ही दिवस काढतो. बरीचशी वाद्यं मेरठची, जुनी. दोन युफोनियमचे, म्हणजे खालच्या सुरांच्या मोठ्या पितळी वाद्यांचे, व्हॉल्व मीच दुरुस्त करतो.

यातलं एक युफोनियम आठवीतली एक मुलगी वाजवते. तिच्या श्वासात दम आहे, कान पक्का आहे. पण आपल्या बँडबाहेरचं युफोनियम तिने समोर बसून कधीच ऐकलेलं नाही. मी मूळचा क्लॅरिनेटवाला, लग्नाच्या बँडमध्ये एका वस्तादांच्या हाताखाली शिकलेला. युफोनियमचा गोल, भरलेला सूर कसा असतो हे मी तिला शब्दांत सांगतो, मोबाइलवर ऐकवतो. त्या एवढ्याशा स्पीकरमधून खालचे सूर येतच नाहीत. गाणं शिकणाऱ्या मुलाला आपण मैफलीला नेतो ना? गुरूच्या मागे तंबोऱ्यावर बसवतो. बँडच्या पोरांनी कुठे जाऊन बसायचं?

केर्कराडेच का, असं मला सगळे विचारतात. तिथे १९५१ पासून जागतिक संगीत स्पर्धा भरते, साधारण दर चार वर्षांनी, जुलै महिन्यात. देशोदेशीचे बँड येतात. कुणी सभागृहात वाजवतं, कुणी रोडा जेसी या फुटबॉल क्लबच्या मैदानावर चालत, रांगांच्या आकृत्या करत वाजवतं. गाव मात्र लहान, जर्मनीच्या सीमेला इतकं चिकटलेलं की एका रस्त्याची एक बाजू या देशात आणि दुसरी त्या देशात.

आणि हे गाव कोळशाचं होतं, हे मला फार जवळचं वाटतं. दक्षिण लिम्बर्गचा तो सगळा पट्टाच खाणींचा. १९५९ मध्ये देशाच्या उत्तरेला, ग्रोनिंगेन भागात, नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला आणि कोळशाचे दिवस फिरले. १७ डिसेंबर १९६५ ला आर्थिक व्यवहार मंत्री योप डेन आउल यांनी शेजारच्या हेर्लेन शहरात, तिथल्या नाट्यगृहात उभं राहून खाणी बंद करणार असल्याचं जाहीर केलं. १९७४ अखेर शेवटची खाणही थांबली. हजारो माणसांचं काम गेलं. स्पर्धा मात्र चालू राहिली. आज केर्कराडेचं नाव जगात घेतलं जातं ते बँडमुळे.

मंडळी, आमच्याकडच्या खाणीही एक दिवस संपणार आहेत. काही संपल्याही. तेव्हा आमच्या वसाहतीत काय उरेल, हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही.

आता हिशेब. मुलं २६, सोबत मोठी माणसं ४, एकूण ३०. विमान, राहणं, जेवण, व्हिसा, विमा आणि वाद्यांची वाहतूक धरून माणशी पावणेदोन लाख. म्हणजे साडेबावन्न लाख. जमलेत अकरा.

वाद्यांचं प्रकरण वेगळंच आहे. एका डागाचं वजन ३२ किलोच्या वर विमानवाले सहसा घेत नाहीत, आणि बास ड्रम वजनात बसला तरी आकारात बसत नाही. जाताना-येताना कस्टममध्ये अडकू नये म्हणून वाद्यांचं ‘कार्ने’ नावाचं कागदपत्र करावं लागतं. आपल्याकडे ते फिक्की ही उद्योग-व्यापाराची संघटना देते. त्यात प्रत्येक वाद्याची नोंद हवी. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या, व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा हवा, मुलांसाठी आई-वडील दोघांची संमती हवी. एका आईने सही करताना विचारलं, “सर, पोट्टी एवढ्या दूर जाईन, तिथं तिच्या जेवणाचं कोण पाहीन?” मी म्हटलं, मी पाहीन. तिने सही केली.

सगळ्यांत जास्त लागलं ते वेगळंच. एका कंपनीच्या अधिकाऱ्यांकडे गेलो होतो. माणूस भला. त्यांनी सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाचा, नियम काढून दाखवला. देशाबाहेरच्या उपक्रमावर तो पैसा खर्च करता येत नाही. अपवाद आहे, तो राज्याचं किंवा देशाचं प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा. खेळाडूंना मिळतं याचा मला आनंदच आहे. पण तिथे ‘वादक’ हा शब्दही असायला हवा होता, असं मी त्यांना तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणतो. त्यांच्याकडून निदान इथे वापरायची नवी वाद्यं मिळावीत, म्हणून अर्ज करून आलोय.

परदेशातल्या नातेवाइकांना सांगणार असाल तर एक लक्षात घ्या. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय त्यांची देणगी परकीय ठरते आणि आमच्या संस्थेची एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नाही, म्हणून ती आम्हाला घेता येणार नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे चालतात. इथल्यांना आयकरात वजावट देणारी ८०जीची पावती मिळेल. तिची वजावट घ्यायची असेल तर दोन हजारांवरची रक्कम रोख देऊ नका.

पैसे नसतील तरी चालेल. कुणी पासपोर्टचे अर्ज भरायला मदत करा, कुणी बास ड्रमसाठी लाकडी पेटी करून द्या. नऊ मुलांचे पासपोर्ट अजून व्हायचे आहेत.

मुलं खाली पटांगणात उभी आहेत, पहाटे चारला निघालीत. पावतीपुस्तक दाराशी आहे, पण आधी त्यांना ऐका. युफोनियमवाली मुलगी डावीकडून तिसरी आहे.