रेनडियर सामींचे, रान कोणाचं?

मंडळी, सामी म्हणजे युरोपच्या उत्तर टोकाचे मूळ रहिवासी. सामी म्हटलं की बर्फ, तंबू आणि रेनडियरचे कळप डोळ्यांसमोर येतात. चित्र खोटं नाही, अपुरं आहे. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचं कोला द्वीपकल्प अशा चार देशांत पसरलेल्या या समाजात रेनडियरवर पोट भरणारे आज जेमतेम दहात एक. किनाऱ्यावरचे सामी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करत आले, जोडीला थोड्या शेळ्यामेंढ्या. ते आपल्या कॅलेंडरांवर कधी येत नाहीत.

सामींविषयी बोलायला लागलं की एक प्रश्न हमखास येतो: ‘आता ते स्नोमोबाइलवरून कळप हाकतात, मग परंपरा राहिली कुठे?’ प्रश्न विचारणारा स्वतः बैलगाडीतून आलेला नसतो, ते सोडा. पण उत्तर वाटतं तितकं सोपं नाही. १९६०च्या दशकात स्नोमोबाइल आली आणि स्कीवरून, कुत्री घेऊन दिवसच्या दिवस कळपामागे फिरणारा माणूस संध्याकाळी घरी जेवायला येऊ लागला. चांगलंच झालं. मात्र गाडीला पेट्रोल लागतं, सुटे भाग लागतात, आणि त्यासाठी रोख पैसा लागतो. पैशासाठी जनावरं जास्त विकायची, तर मुळात कळप मोठा हवा. लहान कळपवाल्यांना हे गणित जमेना, आणि त्यातले बरेच धंद्यातून बाहेर फेकले गेले.

जे टिकले त्यांच्याकडे आता जीपीएसचे पट्टे आहेत, ड्रोनही आहेत. पण उन्हाळ्यात वासरांना खूण करायची वेळ आली की काम सुरीनेच होतं. वासराच्या गळ्यात नंबर अडकवून ते सोडून देतात आणि कोणत्या मादीमागे जातं ते बघत बसतात. आई कळली की मालक कळला. मग वासराला धरून दोन्ही कानांवर त्या मालकाच्या ठरलेल्या खाचा पाडायच्या. कापलेले कानाचे तुकडे जपून ठेवायचे, कारण शेवटी हिशेब त्यांवरूनच लागतो. ही खूण नोंदवलेली असते, आणि लहान पोरांच्याही नावावर असते.

मग या धंद्याचं घोडं अडतं कुठे? माझ्या मते, रानावर नि पाण्यावर हक्क कोणाचा, तिथे.

हिवाळ्यात रेनडियर बर्फ उकरून लायकेन खातात. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल याच जातकुळीतलं. लायकेनला मुळं नसतात. जे मिळतं ते हवेतून आणि पावसातून. म्हणून १९८६मध्ये चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेतलं किरणोत्सर्गी सीझियम थेट त्यात उतरलं, तिथून मांसात. कितीतरी मांस फेकून द्यावं लागलं. नॉर्वेने त्याच वर्षी रेनडियरच्या मांसासाठीची मर्यादा किलोला ६,००० बेकरेलपर्यंत (बेकरेल हे किरणोत्साराचं माप) वाढवली, नाहीतर धंदाच बसला असता. आता भर हिवाळ्यात पाऊस पडतो, वर बर्फाचं कवच धरतं आणि खालचं लायकेन जनावराला मिळत नाही. विकतचा चारा घालावा लागतो.

त्यात पवनचक्क्या आल्या. नॉर्वेत फोसेन द्वीपकल्पावर १५१ चक्क्या उभ्या राहिल्या, नेमक्या हिवाळी कुरणांत. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने परवाने अवैध ठरवले. आणि चक्क्या? फिरतच राहिल्या. ५०० दिवस उलटले तेव्हा, फेब्रुवारी २०२३मध्ये, सामी तरुण-तरुणींनी ऑस्लोत ऊर्जा मंत्रालयातच ठाण मांडलं. पुढे तडजोडी झाल्या. चक्क्या आजही तिथेच आहेत. स्वीडनमध्ये निकाल पदरात पडला. जानेवारी २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गिर्यास या पशुपालक संघाच्या भागात लहान प्राण्यांच्या शिकारीचे आणि मासेमारीचे परवाने द्यायचा अधिकार सरकारचा नाही, संघाचा आहे.

हस्तकलेचं नशीब तुलनेनं बरं, कारण तिला कुरण लागत नाही. बर्चच्या मुळांचं विणकाम स्वीडनमध्ये जवळजवळ संपलं होतं. मुळं खणायची, साल खरवडून काढायची, चिरायची आणि इतकी घट्ट विणायची की त्या भांड्यात मीठ ठेवता यावं. आसा किटोक या बाईंनी विसाव्या शतकात ते पुन्हा उभं केलं आणि लेकींना शिकवलं. १६०५पासून भरणाऱ्या, स्वीडनमधल्याच योकमोक गावच्या फेब्रुवारीतल्या बाजारात सामी कारागीर आजही आपला माल मांडतात. तिथल्या गर्दीत पर्यटकच जास्त, अशी नाकं मुरडणारे भेटतात. मला त्यात काही वावगं दिसत नाही; बाजार हा बाजारच असतो.

मासेमारीला मात्र ही सवलत नाही. नॉर्वे-फिनलंड सीमेवरच्या ताना नदीत सॅल्मन इतके घटले की २०२१मध्ये तिथली सॅल्मनची मासेमारी बंद करावी लागली. मासे वाचायला हवेत, हे सामींनाही मान्य आहे. पण होडी प्रवाहाबरोबर सोडून जाळं कसं धरायचं, हे वर्गात शिकवता येत नाही. नदीवर, मोठ्यांच्या होडीत बसूनच ते येतं. त्या साली जी पोरं सहा-सात वर्षांची होती, ती आता होडीत बसायच्या वयाची झाली आहेत.